चॅट्सवर्थचा वाडा पावणेपाचशे वर्षं एकाच घराण्यात कसा राहिला?

इंग्लंडच्या साधारण मध्यावर डर्बीशायर नावाचा परगणा आहे. टेकड्या, मेंढ्या, दगड रचून केलेली कुंपणं आणि उठल्यासुटल्या येणारा पाऊस. तिथे डर्वेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ उभं आहे. त्याला वाडा म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. शंभरावर खोल्या, खिडक्यांच्या चौकटींना बाहेरून सोन्याचा वर्ख, मागच्या टेकडीवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं पाणी आणि भोवती हजारो एकर जमीन, असा हा पसारा आहे. तो कॅव्हेंडिश घराण्याचा. घराण्याच्या प्रमुखाचा किताब ‘ड्यूक ऑफ डेव्हनशायर’. डेव्हनशायर इथून शेकडो किलोमीटर दूर, नैर्ऋत्येच्या टोकाला आहे आणि किताबाचा त्या मुलखाशी नावापलीकडे काही संबंध नाही. इंग्लंडात हे चालतं.

ही जागा १५४९ मध्ये ६०० पौंडांना विकत घेतली गेली. सध्याचा ड्यूक बारावा. मधल्या काळात इंग्रजांनी एका राजाचं डोकं उडवलं, एकाला देशाबाहेर पिटाळलं, साम्राज्य उभं केलं, गमावलं, दोन महायुद्धं लढले. विसाव्या शतकात असे शेकडो वाडे जमीनदोस्त झाले, कुणाची शाळा झाली, कुणाचं हॉटेल. चॅट्सवर्थ मात्र त्याच कुटुंबाकडे राहिलं. लोक याचं श्रेय परंपरेला आणि घराण्याच्या संस्कारांना देतात. मला विचाराल तर श्रेय कागदपत्रांचं आहे: मृत्युपत्रं, लग्नाचे करार, ट्रस्टचे दस्त. मधूनमधून नशिबाचंही.

आधी किताबाची भानगड

ब्रिटिश उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. ड्यूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संस्थानिक येतो, पण तसं ते नाही. संस्थानिकाकडे स्वतःचं राज्य असे, फौज असे, न्यायनिवाडा असे. ड्यूककडे जमीन असते, पैसा असतो आणि पूर्वी जन्मानेच मिळणारी हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागा असे. १९९९ च्या कायद्याने बहुतेकांची ती जागाही गेली. थोडक्यात, तो राजा नव्हे, कायद्यापुढे राजाची रयतच. फक्त फार मोठा जमीनदार.

खरा फरक वारशात आहे. आपल्याकडे बाप गेला की सातबाऱ्यावर सगळ्या पोरांची नावं चढतात आणि चार पिढ्यांनी शंभर एकराचे तुकडे होऊन बांधावरून कोर्टकचेऱ्या सुरू होतात. मराठी सरदारांच्या वतनांतही भाऊबंदांच्या वाटण्या आल्या. इंग्लिश उमरावांनी हा प्रश्न क्रूरपणे सोडवला. किताब, वाडा, जमीन सगळं थोरल्या मुलाला. धाकट्यांना थोडाफार तनखा; त्यांनी लष्करात, चर्चमध्ये किंवा राजकारणात पोट भरावं. मुलींना लग्नात ठरलेली रक्कम. मुलगा नसेल तर इस्टेट पुतण्याकडे किंवा चुलतभावाकडे जाई, कितीही लांबचा असला तरी. सख्खी मुलगी हयात असताना सुद्धा.

पण थोरला जुगारी निघाला तर? त्यावरही तोड होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लिश वकिलांनी एक करार रूढ केला. त्याचं मर्म असं, की इस्टेटीचा कोणताही वारस तिचा पुरता मालक नसतो. त्याला फक्त हयातीपुरता उपभोग. उत्पन्न खा, पण मूळ जमीन विकू नका. हक्क पुढच्या पिढीच्या, बहुतेक वेळा अजून जन्मालाही न आलेल्या मुलाच्या नावे बांधलेला. करार कायमचा करता येत नसे. म्हणून मुलगा एकवीस वर्षांचा झाला, किंवा त्याचं लग्न ठरलं, की बाप त्याच्यापुढे नवा करार ठेवी. मुलाला तातडीने हातखर्च हवा असे, बापाला इस्टेट पुढे बांधून हवी असे. मुलगा सही करी. पिढ्यान् पिढ्या हेच. विधवेला किती द्यायचे, धाकट्यांना किती, मुलींना किती, हे सगळं त्याच कागदात.

घरात राहणारा माणूस घराचा मालक नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. चॅट्सवर्थच्या बाबतीत ती आजही वेगळ्या रूपात खरी आहे.

चार लग्नांची बाई

गंमत अशी, की थोरल्या मुलांचं हे साम्राज्य उभं केलं ते एका बाईने. एलिझाबेथ हार्डविक, इतिहासात ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून प्रसिद्ध. जन्म साधारण १५२७ चा, डर्बीशायरातल्या एका बेताच्या जमीनदाराच्या घरी. ती तान्ही असतानाच वडील गेले. विशीच्या आतच तिचं पहिलं लग्न झालं आणि वैधव्यही आलं.

दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. आधीच्या दोन बायका वारलेल्या. लग्न लागलं १५४७ च्या ऑगस्टमध्ये, रात्री दोन वाजता. हा माणूस सरकारी नोकर होता आणि त्याच्या नोकरीत या घराण्याच्या श्रीमंतीचं मूळ आहे. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतल्यावर १५३६ ते १५४० च्या दरम्यान इंग्लंडमधले आठशेच्या आसपास मठ बंद केले आणि त्यांची जमीनजुमला, सोनंनाणं खालसा केलं. मठात जायचं, मालमत्तेची मोजदाद करायची, किल्ल्या ताब्यात घ्यायच्या, ही कामं ज्या अधिकाऱ्यांनी केली त्यांत कॅव्हेंडिश होता. मोजणाऱ्याच्या हाताला काही चिकटत नाही असं कुठे असतं? मठांच्या जमिनी त्याच्या पदरात पडत गेल्या. बेसच्या आग्रहाने त्याने दक्षिणेकडच्या जमिनी विकल्या आणि तिच्या माहेरच्या मुलखात चॅट्सवर्थ घेतलं. १५५२ मध्ये बांधकाम सुरू झालं.

१५५७ मध्ये विल्यम वारला. त्याआधी सरकारी हिशेबतपासणीत त्याच्याकडे पाच हजार पौंडांहून जास्त रकमेचा घोळ निघाला होता. बेसच्या पदरी सहा मुलं, डोक्यावर सरकारी देणं आणि वाडा अर्धवट. तिने तिसरं लग्न केलं. नवरा, सर विल्यम सेंट लो, राणीच्या दरबारातला. तो मरताना जवळपास सगळं तिच्या नावे करून गेला. मग चौथा: जॉर्ज टॅलबट, अर्ल ऑफ श्रूजबरी, देशातल्या सर्वांत श्रीमंत उमरावांपैकी एक. या लग्नाच्या वेळी तिने जे केलं ते वाचून तिच्या व्यवहारीपणाला दाद द्यावीशी वाटते. एकाच वेळी तिने स्वतःचा थोरला मुलगा अर्लच्या मुलीला आणि स्वतःची मुलगी अर्लच्या मुलाला दिली. नवरा आधी गेला काय किंवा नंतर, पैसा घरातच राहणार.

याच नवऱ्यावर एलिझाबेथ राणीने एक जोखमीचं काम टाकलं: स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला नजरकैदेत ठेवायचं. १५६९ पासून पंधरा वर्षं हे लष्टक चाललं. मेरीला अनेकदा चॅट्सवर्थमध्ये ठेवलं जाई. बेस आणि मेरी एकत्र भरतकाम करत बसत. खर्चाचा बोजा मात्र अर्लवर. लग्नाचं हळूहळू वाटोळं झालं, दोघं वेगळी राहू लागली. १५९० मध्ये अर्ल वारला आणि साठी ओलांडलेल्या बेसने लगेच नवा वाडा पुरा करायला घेतला. हार्डविक हॉल, चॅट्सवर्थपासून फार लांब नाही. त्या काळी काच म्हणजे चैन. हिने भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त केल्या आणि मनोऱ्यांवर स्वतःची आद्याक्षरं दगडात कोरून घेतली, आकाशाच्या पार्श्वभूमीवर लांबूनही दिसतील अशी.

ती १६०८ मध्ये वारली. थोरल्या मुलाशी तिचं पटत नव्हतं, जीव दुसऱ्या मुलावर, विल्यमवर. चॅट्सवर्थ थोरल्याकडे जाणार होतं. या विल्यमने ते भावाकडून विकत घेतलं. १६१८ मध्ये तो अर्ल ऑफ डेव्हनशायर झाला. त्यासाठी पहिल्या जेम्स राजाला दहा हजार पौंड मोजल्याचं सांगितलं जातं. तेव्हा किताबांचा बाजारच भरलेला होता, त्यामुळे यात कुणाला फार वावगं वाटलं नसावं.

दंड भरण्याऐवजी बांधकाम

अर्लचे ड्यूक झाले ते चौथ्या अर्लच्या काळात. हा गडी तापट होता. १६८७ मध्ये राजदरबारात एका कर्नलवर हात टाकल्याबद्दल त्याला तीस हजार पौंड दंड झाला. रक्कम अचाट होती. त्याने दंड भरला नाही. तुरुंगातून निसटून थेट चॅट्सवर्थ गाठलं आणि तिथे बेसचा जुना वाडा पाडून नव्याने बांधायला सुरुवात केली! आधी फक्त दक्षिणेची बाजू करायची ठरली होती. मग पूर्व, मग पश्चिम, मग उत्तर. १७०७ मध्ये मरेपर्यंत त्याने चारही बाजू नव्या केल्या होत्या. आज दिसतो तो वाडा मुख्यतः त्याचा.

दंड झाला त्याच्या पुढच्याच वर्षी त्याने मोठा डाव खेळला. दुसरा जेम्स राजा कॅथलिक, प्रजा बहुतांश प्रॉटेस्टंट. राजाला मुलगा झाल्यावर आता कॅथलिक गादी कायमची होणार ही धास्ती पसरली. जून १६८८ मध्ये सात बड्या मंडळींनी हॉलंडच्या विल्यमला, राजाच्याच जावयाला, फौज घेऊन या म्हणून गुप्त पत्र धाडलं. सातांपैकी एक हा. डाव फसता तर डोकं गेलं असतं आणि इस्टेट जप्त झाली असती. डाव जमला, राजा पळाला, जावई गादीवर बसला आणि १६९४ मध्ये अर्लचा ड्यूक झाला.

नंतरच्या शंभर वर्षांत घराण्याला सर्वांत मोठं घबाड मिळालं ते लग्नातून. जो पुढे चौथा ड्यूक झाला आणि १७५६–५७ मध्ये काही महिने पंतप्रधानही होता, त्याने १७४८ मध्ये शार्लट बॉयलशी लग्न केलं. ती बर्लिंग्टनच्या अर्लची वारसदार. तिच्याबरोबर लंडनचं बर्लिंग्टन हाउस, चिझिक हाउस, यॉर्कशायरातल्या जमिनी आणि आयर्लंडमधला लिझमोर किल्ला, एवढं सगळं कॅव्हेंडिशांकडे आलं. याशिवाय स्टॅफर्डशायरात एक्टन इथे तांब्याची खाण होती. तिच्या पैशावर पाचव्या ड्यूकने बक्स्टन गावात अर्धचंद्राकार देखणी इमारत उभी केली. म्हणजे मठांच्या जमिनी, आयरिश कुळांचा खंड आणि खाणीत उतरलेल्या मजुरांचे कष्ट हे त्या सोनेरी खिडक्यांमागचं भांडवल. वाड्यातून फिरताना हे कुणी सांगत बसत नाही.

वाड्यासमोरचं नितळ हिरवं माळरान नैसर्गिक वाटतं. तसं ते दिसावं म्हणून अठराव्या शतकात प्रसिद्ध उद्यानरचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राउनने नदीचा काठ आणि उतार बदलून घेतले होते. एडन्सर गावाची काही घरं ड्यूकच्या खिडकीतून दिसायची, ती हलवली. उरलेलं गाव सहाव्या ड्यूकने १८४० च्या आसपास टेकडीआड नव्याने वसवलं. नवी घरं जुन्यापेक्षा नक्कीच चांगली होती. पण गावाने हलायचं की नाही, हे गावाला कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या ड्यूकची बायको जॉर्जियाना स्पेन्सर हिच्यावर आजवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. १७८४ च्या निवडणुकीत ती चार्ल्स जेम्स फॉक्सच्या प्रचारासाठी लंडनच्या रस्त्यांवर उतरली आणि त्यावरून व्यंगचित्रकारांनी तिची यथेच्छ बदनामी केली. आणि पत्त्यांच्या नादापायी तिने इतकं कर्ज केलं, की ती मरेपर्यंत नवऱ्याला खरा आकडा सांगू शकली नाही. इस्टेट मात्र बुडाली नाही, कारण ती करारात बांधलेली होती.

पहाटे साडेचारला आलेला माळी

सहावा ड्यूक अविवाहित राहिला. हातात अफाट पैसा, खर्चाची हौस दांडगी. १८२६ मध्ये त्याने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला मुख्य माळी नेमलं. पॅक्स्टनने पहिल्या दिवसाची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. ९ मेच्या पहाटे साडेचारला तो पोचला. फाटक बंद, म्हणून कुंपण चढून आत उतरला. बागेचा फेरफटका मारला, सहाला माणसं आली तशी त्यांना कामाला लावलं, कारंजी सुरू करून घेतली आणि मग वाड्याच्या हाउसकीपर बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे त्यांची भाची सेरा होती. ती माझ्या प्रेमात पडली आणि मी तिच्या, असं तो लिहितो. आणि नऊ वाजायच्या आत चॅट्सवर्थमधलं पहिल्या सकाळचं काम संपलं. दोघांनी पुढच्या वर्षी लग्न केलं. नंतर पॅक्स्टन कामासाठी देशभर भटकायचा, तेव्हा चॅट्सवर्थचे हिशेब सेराच बघायची.

१८३६ ते १८४० च्या दरम्यान पॅक्स्टनने काचेचं एक महाकाय उष्णगृह बांधलं, २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद. घोडागाडी आतून जाऊ शकेल एवढं. आठ भट्ट्या जमिनीखाली, त्यांना कोळसा भुयारातून, म्हणजे धूर आणि मजूर दोन्ही पाहुण्यांच्या नजरेआड. १८४४ मध्ये रशियाचा झार निकोलस येणार म्हणून नव्वद मीटरपर्यंत उडणारं कारंजं केलं. पाण्याला जोर यावा म्हणून वरच्या माळावर तळं खणलं. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला गेलाच नाही. कारंज्याचं नाव मात्र ‘एम्परर’ राहिलं. पुढे १८४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अजस्र कमळाला इथे फूल आलं. त्याच्या पानावर पॅक्स्टनने स्वतःच्या लहान मुलीला उभं केलं आणि पान बुडालं नाही. पानाच्या शिरांची रचना त्याच्या डोक्यात होतीच. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस ही काचेची प्रचंड इमारत बांधताना ती कामी आली.

वनस्पतींसाठी जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला थेट हिंदुस्थानात पाठवलं होतं. १८३५ मध्ये तो निघाला, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात मुक्काम करून खासी टेकड्यांत शिरला आणि १८३७ मध्ये पेट्या भरभरून ऑर्किडं आणि इतर झाडं घेऊन परतला.

आता जळगावकरांसाठी. पॅक्स्टनने १८३० च्या सुमारास केळीचं एक रोप मिळवलं. मूळ जात चीनकडची, आली मॉरिशसमार्गे. १८३५ मध्ये तिला केळफूल लागलं आणि मालकाच्या आडनावावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश. रावेर-यावलच्या मळ्यांत पिढ्यान् पिढ्या लागलेली बसराई ही याच गटातली बुटकी जात, आणि आज टिश्यू कल्चरची लावतात ती जी-९, म्हणजे ग्रँड नैन, तीही कॅव्हेंडिशच. जगातली सगळी कॅव्हेंडिश केळी या एका बागेतून पसरली, असं इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं असतं, ते मात्र ओढूनताणून आहे. चॅट्सवर्थची रोपं मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली हे खरं. पण या गटाची केळी आशियात आधीपासूनच होती. जळगावच्या केळ्याला नाव ड्यूकचं मिळालं, वंश त्याच्या बागेतला असेलच असं नाही.

मरणावरचा कर

सहावा ड्यूक १८५८ मध्ये गेला तेव्हा कर्ज भरपूर होतं. सातव्याने बॅरो-इन-फर्नेस इथे पोलाद आणि जहाजबांधणीत पैसा घातला. सुरुवातीला चांगला परतावा आला, मग मंदीने तोही गाडा रुतला. याच ड्यूकच्या देणगीतून केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली. हायड्रोजन ओळखणारा आणि पृथ्वीची घनता मोजणारा हेन्री कॅव्हेंडिश याच घराण्यातला. आठवा ड्यूक किताब मिळण्याआधी, १८८० ते १८८२, लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री होता. त्याच्या धाकट्या भावाची, लॉर्ड फ्रेडरिकची, ६ मे १८८२ रोजी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये भोसकून हत्या झाली. आयर्लंडचा मंत्री म्हणून त्याने त्याच दिवशी सूत्रं हाती घेतली होती.

पण उमरावांना खरा दणका दिला तो दोन गोष्टींनी. एक, १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि इंग्लिश जमिनीचा खंड कोसळला. दुसरी, १८९४ मध्ये आलेला मृत्युकर. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेच्या किमतीवर कर. सुरुवातीला सर्वांत वरचा दर ८ टक्के होता. पहिल्या महायुद्धानंतर ४० झाला. १९४९ मध्ये, मजूर पक्षाचं सरकार असताना, दहा लाख पौंडांवरच्या मालमत्तेला ८० टक्के.

आठवा ड्यूक १९०८ मध्ये गेला तेव्हा कर भरण्यासाठी दुर्मीळ पुस्तकं अमेरिकेला विकली गेली. पुढे लंडनमधला डेव्हनशायर हाउस हा वाडा विकला, तो पाडला गेला. चिझिक गेलं. पॅक्स्टनच्या काचगृहाला पहिल्या महायुद्धात कोळसा मिळाला नाही, आतली झाडं गारठून मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून उडवायचं ठरलं. ते काही केल्या पडेना, पुन्हा पुन्हा स्फोट करावे लागले. उडवणारा चार्ल्स मार्कहॅम हा पॅक्स्टनच्या मुलीचा मुलगा.

दहाव्या ड्यूकने यावर तजवीज केली होती. कायदा असा, की मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केल्यावर माणूस ठरावीक मुदत जगला तर तिच्यावर मृत्युकर नाही. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, १९४६ मध्ये ती पाच केली गेली. ड्यूकने त्याच वर्षी इस्टेट पुढच्या पिढीसाठी हस्तांतरित केली. आता फक्त पाच वर्षं जिवंत राहायचं होतं. वय पन्नाशीचं, म्हणजे अवघड काहीच नाही. २६ नोव्हेंबर १९५० रोजी ईस्टबर्नच्या घरी लाकडं फोडताना तो कोसळला आणि गेला. वय ५५. मुदतीला सुमारे साडेतीन महिने कमी पडले.

वारस अँड्रू तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. तो ड्यूक व्हायचा मुळात नव्हताच. थोरला भाऊ विल्यम यानं मे १९४४ मध्ये कॅथलीन केनेडीशी, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या बहिणीशी लग्न केलं आणि चारच महिन्यांनी तो बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. अँड्रूच्या वाट्याला आलं ८० टक्के कराचं बिल. वाडाही रिकामा. युद्धात सैन्याला जागा दिली तर नासधूस होईल म्हणून चॅट्सवर्थ एका मुलींच्या शाळेला दिलं होतं. दिवाणखान्यात ओळीने खाटा लावून मुली झोपायच्या.

कर फेडायला हजारो एकर जमीन विकली. बेसचं हार्डविक हॉल सरकारला दिलं, तिथून ते १९५९ मध्ये जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं. चित्रसंग्रहातली निवडक रत्नं कराच्या बदल्यात दिली गेली. रेम्ब्रांटचं एका म्हाताऱ्याचं चित्र नॅशनल गॅलरीत गेलं, क्लोदची रेखाचित्रांची वही ब्रिटिश म्युझियममध्ये. आणि होल्बाइनने काढलेलं आठव्या हेन्रीचं मोठं रेखाटन नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. ज्याच्या मठलुटीवर घराणं गबर झालं, तो राजा शेवटी करापोटी सरकारजमा झाला, हे मला फार आवडतं. मूळ रकमेची तडजोड संपायला १९६७ उजाडलं, बाकी चुकती व्हायला १९७४.

आता मालक कोण?

अँड्रू आणि त्याची बायको डेबोरा १९५९ मध्ये मुलाबाळांसह वाड्यात राहायला आले. डेबोरा ही इंग्लंडात गाजलेल्या मिटफर्ड बहिणींपैकी सर्वांत धाकटी. तिने हे घर धंद्यासारखं चालवलं, चांगल्या अर्थाने. १९७३ मध्ये मुलांना गायीगुरं दाखवायला गोठा खुला केला, १९७७ मध्ये इस्टेटीतलं मटण, चीज विकणारं शेतदुकान काढलं. लोकांना आत घेणं मात्र नवं नव्हतं. १८४९ मध्ये रेल्वे जवळच्या राउझ्लीपर्यंत आली, तेव्हा त्या एका उन्हाळ्यात ८० हजार माणसं वाडा बघून गेली होती.

१९८१ मध्ये नवी व्यवस्था झाली. चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था काढली आणि वाडा, बाग, त्यातल्या मुख्य वस्तू आणि भोवतीचं उद्यान तिला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं. भाडं वर्षाला एक पौंड. संस्थेला गंगाजळी हवी होती, त्यासाठी पूसँचं एक चित्र विकलं. १९८४ मध्ये जुन्या चित्रकारांची ७१ रेखाटनं लिलावात काढली, त्यांचे दोन कोटींहून अधिक पौंड आले. तिकिटाचे पैसे संस्थेकडे जातात आणि छपरापासून कारंज्यापर्यंतची डागडुजी त्यातून होते. ड्यूकचं कुटुंब ज्या खोल्यांत राहतं त्यांचं ते संस्थेला बाजारभावाने भाडं देतं. इस्टेटीची सुमारे ३५ हजार एकर जमीन, शेती, जंगलं, गावातली घरं हे सगळं कुटुंबाच्या वेगळ्या ट्रस्टमध्ये.

यात सोय कुणाची, हा प्रश्न रास्त आहे. धर्मादाय संस्थेला कराच्या सवलती मिळतात. मालमत्ता ट्रस्टमध्ये असल्यामुळे १९५० सारखा एका मृत्यूने सगळा डोलारा हलत नाही. खाजगी मालकीच्या कलावस्तूंनाही ब्रिटनमध्ये वारसाकर माफ होऊ शकतो, अट एवढीच की लोकांना त्या पाहता आल्या पाहिजेत आणि विकल्या तर कर भरला पाहिजे. लोकांना चित्रं बघायला मिळतात, सरकारला वाडा सांभाळावा लागत नाही आणि कॅव्हेंडिश कुटुंब जिथे होतं तिथेच राहतं. टीका करणारे याला करबचाव म्हणतात, समर्थक वारसासंवर्धन. दोन्ही म्हणणी एकाच दस्ताचं वर्णन करतात. किताब मात्र अजूनही फक्त पुरुष वारसालाच.

ब्रिटनमध्ये राहत असाल किंवा जाणं होणार असेल, तर जवळचं मोठं रेल्वे स्टेशन चेस्टरफील्ड. शेफील्डहूनही जाता येतं. वाड्यातच पूर्ण दिवस घालवू नका. एडन्सरच्या चर्चच्या आवारात ड्यूकांच्या साध्या कबरी आहेत, कॅथलीन केनेडीची आहे आणि माळी पॅक्स्टनचीही, जी त्याच्या मालकांच्या कबरींपेक्षा बरीच मोठी आहे. हार्डविक हॉल वेगळ्या दिवशी करा. ते नॅशनल ट्रस्टचं आहे, तिकीट वेगळं लागतं, चॅट्सवर्थचं तिथे चालत नाही.